ये गो बाय

आये,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनात बोलणं कधी थांबलं नाही, म्हणून वेगळं काही लिहावं असं वाटलंच नव्हतं. पण ही गोष्ट मनातल्या मनात सांगून भागेना. तुला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही लिहायला बसलोय. बोलताना मी अजून 'मना' नि 'तुना'च बोलतो, पण लिहिताना 'मला' आणि 'तुला' लिहिणार, राग मानू नकोस. छापखान्यात इतकी वर्षं लग्नपत्रिकांची प्रुफं तपासल्यावर हात दुसरं काही लिहायला तयार होत नाही. नववीत शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ काही सुटलं नाही. मालक म्हणतात, याच्या हातून एक वेलांटी चुकली तर याला ताप येईल. येतोच. पत्रिका छापून गेली तरी मी घरी जेवताना ती मनात पुन्हा वाचत असतो, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून वराच्या आजोबांपर्यंत. सांगायचं ते असं, की साहेबांच्या घरातल्या तबकडीवरची ती गाणारी बाय सापडली. तिची सगळी गाणी सापडली, अगदी कोवळ्या वयातल्या पहिल्या गाण्यापासून म्हातारपणातल्या शेवटच्या गाण्यापर्यंत. आणि त्यात तुझं गाणंही सापडलं.

पनवेलच्या इस्रायल आळीतलं, तू कामाला जायचीस ते साहेबांचं स्वयंपाकघर आठव. शुक्रवारची दुपार आहे. तू नारळाचं दूध काढते आहेस, कारण त्यांच्याकडे मटणाच्या भांड्याला दूध-दही शिवत नाही हे साहेबांच्या बायकोने, ताईच्या आईने, तुला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, आणि ती माउली गेल्यावरही तू तो नियम तिच्याहून कडक पाळलास. दिवे लागायच्या आत सगळं उरकायचं असतं. बाहेरच्या खोलीत साहेब तबकडी लावतात. शनिवारी ते त्या यंत्राला हात लावत नाहीत, म्हणून शुक्रवारीच दोन दिवसांचं ऐकून घेतात. गाणं हिंदी नाही, मराठी नाही, त्यांच्या प्रार्थनेतलंही नाही. कुठल्याशा अमेरिकेतल्या काळ्या बाईचं आहे. साहेब म्हणायचे, ही सोल गाणारी, हिच्यापुढे नावाजलेल्या बायका पाणी भरतील, पण हिला कुणी विचारलं नाही. तू मला हळूच विचारलंस, सोलं विकायची काय ही? आपल्याकडे सोलं म्हणजे कढीत घालायची आमसुलं, तुझं काय चुकलं? साहेबांनी ते ऐकलं आणि खुर्चीतूनच सांगितलं की सोल म्हणजे इंग्रजीत आत्मा, बाई. तू खवणीवरचा हात न थांबवता म्हणालीस, "तेच बोलते मी साहेब. आंबट हाय, पन जीव हाय तिच्यान." साहेब इतके हसले की सुई उचलून त्यांना गाणं पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं.

मग ते गाणं लागलं. आधी नुसतं पेटीसारखं काहीतरी संथ वाजतं, मग ढोल, मग आपल्या बेंजोपार्टीतल्या ट्रंपेटसारखी ट्रंपेटं, आणि मग ती. ती एक ओळ म्हणते आणि मागून दोन बायका तिचा शेवट झेलतात. तुझा हात तिथे थांबला. तू पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिलीस आणि साहेबांना म्हणालीस, ही आपलीच कोनतरी हाय. ऐका, बोलावतंय पोरीला, ये गो बाय, ये गो बाय. आनि मागच्या दोघी झेलतान, याची मावशी माजं झेलतंय तशा. कॉलेजातून आलेली ताई काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि पाणी आणायला सांगितलं. मग तुला म्हणाले, हो बाई, तेच म्हणतेय ती. आणि सुई परत मागे नेऊन ठेवली.

तू आणि मावशी आपल्या कोन गावच्या पंचक्रोशीतल्या धवलारिणी. भटाच्या आधी तुम्हाला सुपारी जायची. हळद असो, मांडव असो, प्रत्येक विधीचं गाणं, तो धवला, तू उचलायचीस आणि मावशी झेलायची. त्यात हे इंग्रजी बाईचं गाणं घुसवायचं म्हटल्यावर मावशी केवढी चिडली होती. धवला देवाचा असतो, त्यान सायबाच्या घरचा रेडू कशाला घालतंस, असं ती बोलली आणि दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला. तू म्हणालीस, धवल्यात नाही घालत, धवला संपल्यावर घालू. नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडायला उभी राहते, तेव्हा सगळं शांत होतं, त्या शांततेत. आणि खरंच घातलंस. पोरगी लाजून उंबऱ्याबाहेर थांबलेली, घाबरलेली, आणि तू त्या काळ्या बाईच्या चालीत तिला आत बोलावतेस, ये गो बाय, आणि मावशी रागारागाने झेलते, आणि पोरगी हसते. पुढच्या लग्नात बायांनी तेच मागितलं. मग बेंजोवाल्यांनी चाल उचलली. मग ते गाणं इंग्रजी होतं हे मावशीसुद्धा विसरली. आज कोनपासून शिरढोणपर्यंत कुठेही नवरी घरात आली की बाया ते म्हणतात आणि जुनंच आहे म्हणतात.

मधलं तुला माहीत आहे. साहेबांचे दोन्ही मुलगे आधीच इस्रायलला गेलेले, शेवटी साहेब आणि ताईही गेले. मग तू गेलीस. बहीण तेव्हा तिसरीत होती. तिला तुझा चेहरा फोटोतून आठवतो, पण ते गाणं तिला खरंच आठवतं, कारण तू तिला तेच म्हणून निजवायचीस. आता तिचं लग्न ठरलं, शिरढोणचा मुलगा आहे, चांगला आहे, मिठाईच्या पुड्यावरचं चुकीचं स्पेलिंग मी दाखवलं तेव्हा मनापासून हसला. बहिणीने सगळ्या लग्नात एकच गोष्ट मागितली. साड्या नाही, हॉल नाही. म्हणाली, मी आपल्या दारातून निघेन तेव्हा मावशीने आयेचं गाणं म्हणायचं. शिरढोणला त्यांची धवलारीण असणार, ती काय म्हणेल ते म्हणेल. मला आयेचं माझ्या दारात पाहिजे.

मावशीने साफ नाही सांगितलं. ते गाणं नवरीला आत घ्यायचं आहे, बाहेर काढायचं नाही. निघालेल्या पोरीला पाठीमागून 'ये' म्हणायचं म्हणजे तिला माघारी बोलावणं. व्याही काय म्हणतील, यांना पोरगी नांदवायची आहे की नाही? बहीण भांडली नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बरं म्हणाली आणि मेहंदीवालीला फोन लावायला आत गेली. मी मात्र बेचैन. दारात तुझ्याकडून तिला मिळण्यासारखं एवढंच होतं, आणि ते एका शब्दावर अडलं होतं. शब्द हे माझं काम आहे ना, आये.

त्याच आठवड्यात आळीतल्या एका घरी इस्रायलहून पाहुणे आले आणि त्यांच्यासोबत ताईने बहिणीच्या लग्नाचा आहेर पाठवला. जाड पुठ्ठ्याचा खोका, आत तीन सीड्या आणि एक पुस्तक. ताईने वर मराठीत लिहिलं होतं, 'तुमच्या आईच्या बायची सगळी गाणी. इतक्या वर्षांनी कुणीतरी शहाण्यासारखी एकत्र केली. पप्पा असते तर नाचले असते.' 'नाचले'तला काना जरा कमी पडला होता, तो मी पेन्सिलीने पुरा केला. आता सीडी लावायची कशावर? छापखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला सीडीची खाच आहे. जेवणाच्या सुट्टीत मालकांना विचारून लावली. यादी आधी वाचली नाही. भीती वाटत होती, तुझं गाणं नसलंच तर?

पहिल्या सीडीत ती मुलगीच आहे. त्यांच्या देवळातली, चर्चमधली गाणी, आवाज पातळ, पण ओळीच्या शेवटी असा काही जोर लावते की मालक डबा खाता खाता थांबले आणि विचारू लागले, ही रडते की भांडते? मी म्हटलं, धवला बोलते. दुसऱ्या दिवशी दुसरी सीडी. आता ती मोठी झालेली, मागे ट्रंपेटं आली, मागच्या दोघी आल्या. एकेक गाणं असं, की याला कुणी डोक्यावर कसं घेतलं नाही हेच समजत नाही. मी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचत होतो. तबकड्या खपल्या नाहीत, म्हणून तिने मधली कितीतरी वर्षं एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुतल्या आणि गायली ती फक्त रविवारी. तिसऱ्या सीडीतली गाणी त्यानंतरची, म्हातारपणची, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत बसून गायलेली. एवढ्या मोठ्या पुस्तकात मला इंग्रजीची एक चूक सापडली. दिवसभर छान वाटलं.

आणि दुसऱ्या सीडीच्या मध्यावर ती संथ पेटी वाजली. माझ्या हातातलं प्रूफ खाली पडलं. तीच ओळ, तोच जोर, ये गो बाय. मी यादीत गाण्याचं नाव बघितलं. मग पुस्तकात बघितलं. मग सीडी मागे नेऊन ऐकली, पुन्हा ऐकली. आये, ती बोलावत नव्हती गं. ती 'येऽ, गुडबाय' म्हणत होती. 'ये' म्हणजे त्यांच्यात नुसता हुंकार, हो ला हो. आणि गुडबाय म्हणजे चालले, संपलं, रामराम. शब्दकोशात लिहिलं होतं, 'निरोपाचा उद्गार'. मी त्या उद्गाराकडे बघत बसलो. एवढ्या पोरी घरात आल्या आणि प्रत्येकीला आपण उंबऱ्यावर निरोप दिला. आणि माझ्या स्वभावाला धरून लगेच दुसरा विचार आला, की आता हे मावशीला सांगायचं कसं आणि नाही सांगायचं तर झोपायचं कसं.

ताईला फोनवर लिहून विचारलं. तिचं उत्तर आलं ते जसंच्या तसं देतो. 'पप्पांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगायला निघाले तर मला पाणी आणायला पाठवलं. नंतर म्हणाले, या घरातून सगळे निघालेत, कुणीतरी ये म्हणतंय तर म्हणू दे की.' मी हे बहिणीला वाचून दाखवलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हे गाणं निरोपाचंच असेल तर मावशीची हरकत उरतेच कुठे?

रविवारी दोघं मावशीकडे गेलो. ती बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी फोनवर उतरवून घेतलेलं म्हातारपणचं गाणं लावलं, तिसऱ्या सीडीत तेच गाणं पुन्हा आहे. पण तिथे ती एकटी आहे. मागच्या दोघी नाहीत. ती ओळ म्हणते आणि त्या जिथे झेलायच्या तिथे थांबते, जागा सोडते, आणि पुढे जाते. मावशी ऐकत होती. तू गेल्यावर तिनेही कितीतरी लग्नं एकटीने काढली, आधी स्वतःच उचलायचं आणि मग स्वतःच झेलायचं. पहिली जागा तशीच गेली. दुसऱ्या जागेला मावशीने मान खालीच ठेवून झेललं, ये गो बाय. तिसऱ्या जागेला मोठ्याने. गाणं संपलं तरी वाल तिच्या बोटांतच होता. मग मी सगळं सांगितलं, उद्गारासकट. मावशीने तो वाल ताटात टाकला.

"म्हंजे येनाऱ्या पोरींना आमी दारान उभं करून टाटा केला?"

मी म्हटलं, तसंच झालं म्हणायचं. ती अशी हसायला लागली की ताट मांडीवरून घसरलं. "तरी एक पन माघारी नाय गेली," असं म्हणून पुन्हा हसली, मग तुझं नाव घेऊन तुला एक शिवी दिली, ती मी लिहीत नाही. मला वाटलं, जिंकलो. मी म्हटलं, मग मावशे, हिला निघताना म्हणायला हरकत नाही ना. तशी ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, ती बाय तिच्या भाषेन काय पन बोलू दे. माझ्या बाया इंग्रजी नाही बोलणार, त्या 'ये'च बोलणार, आणि मांडवातले लोक 'ये'च ऐकणार. तिथे तू शब्दकोश घेऊन उभा राहणार आहेस काय?

खरं तर तिचंच बरोबर होतं. छापलेला शब्द लोक वाचतात, मागचं कुणी वाचत नाही. मी फोन खिशात टाकला. बहिणीने सांडलेले वाल गोळा करून ताटात ठेवले, उठली, दारात चप्पल घातली आणि म्हणाली, "येते गो मावशे."

मावशी ताटाकडेच बघत होती. "ये गो बाय," ती म्हणाली.

बहिणीचा एक पाय पायरीवरच राहिला. मावशीने वर बघितलं. "काय बोलले मी?"

"ये गो बाय बोललीस."

"कवा?"

"आत्ता. मी निघाले तेव्हा."

आये, मला एकदम मी आठवलो, दुसरी-तिसरीतला. दप्तर घेऊन 'जातो' असं म्हणून निघालेला, आणि तू चुलीपुढून उठून आलीस, पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, जातो नाय बोलायचा कवा, येतो बोल. मी 'येतो' म्हटल्यावरच तू 'ये' म्हणालीस आणि मग मला शाळेत जाता आलं. रोज तसंच. आपल्यात निघणारा येतो म्हणतो आणि राहणारा ये म्हणतो. दुसरा निरोपच नाही आपल्याकडे. मी दोन दिवस शब्दकोशात गुडबायचं मराठी शोधत होतो, आणि तू ते नारळ खवता खवता करून ठेवलं होतंस, तेही तिच्याच चालीत, एक मात्रा इकडची तिकडे न होता. मी हे मावशीला बोलून दाखवलं. तिने पदराने डोळे पुसले, मग ओरडली की बेंजोवाल्यांना सांग, आमच्या दारान दोनदा वाजवायचा.

लग्न छान झालं. पत्रिकेत चूक नव्हती, मी तुझी शपथ घेऊन सांगतो. जेवणात भात जरा कमी पडला, पण तो पडणारच होता, कारण मावशीकडचे सांगितले त्याच्या दुप्पट आले. निघायच्या वेळी बहीण दारात सगळ्यांच्या पाया पडली, मावशीच्या पाया पडली, आणि ठरल्यासारखं मोठ्याने म्हणाली, येते. मावशीने उचललं. बायांनी झेललं. व्याही आधी चपापले. म्हणाले, हे तर आमच्याकडे आत घेताना बोलतात. मावशी त्यांना म्हणाली, "तिकरं पन बोला. दोनी दारांना चालतंय." बहीण गाडीत बसेपर्यंत हसत होती. रात्री तिचा फोन आला, तिथे उंबऱ्यावर त्यांच्या धवलारिणीनेही तेच म्हटलं होतं. म्हणाली, दादा, एकाच गाण्यातून निघाले आणि त्याच गाण्यात पोचले.

आता तो खोका तिच्याकडे आहे. मी गाणी छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवली आहेत. मालकांनाही आवडायला लागली आहे ती, फक्त तिला सोलवाली म्हणायला लागलेत, आमसुलांच्या अर्थाने. मी दुरुस्त केलं नाही. कितीही कान देऊन ऐकलं तरी मला अजून त्या जागी गुडबाय ऐकू येत नाही, हेही खरं.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून ठेवतो. पण एक सांगून टाकतो. तुला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली, तेव्हा आत बसताना तू 'येते' म्हणाली होतीस, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. परवा दारात बाया झेलत होत्या, तेव्हा त्यांच्या मागे उभा राहून मीही झेललं. पुरुषांनी धवलारिणीमागे झेलायचं नसतं, माहीत आहे. बेंजोच्या आवाजात कुणाला कळलं नाही. थोडं बहिणीला होतं, थोडं तुला. सूर पार बिघडला होता, आये. शब्द बरोबर होता.